बर्फाचा उतार आणि माणसाचे पाऊल

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पौष महिन्यातील एखाद्या सकाळी भोपाळच्या मोठ्या तलावावर आभाळ दाटून येते. दिवसभर झिमझिम पाऊस पडतो, अंगात हुडहुडी भरते आणि शेतीवाडी असलेला शेजारी समाधानाने म्हणतो, "मावठा झाला. गव्हाचे काम झाले." हा मावठा येतो कोठून? भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिवाळ्यात वाऱ्यांच्या लाटा आपल्याकडे येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्या लाटेचा पदर माळव्यापर्यंत पोहोचला, तर आपल्या गव्हाला पाणी मिळते. तिचा मुख्य भार मात्र काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंड यांच्या डोंगरांवर पडतो, आणि तो पावसाच्या रूपाने नव्हे, तर बर्फाच्या रूपाने. आपल्याकडे पडलेले पाणी दोन दिवसांत जमिनीत मुरते. तिकडे पडलेला बर्फ महिनोन् महिने उतारावर तसाच पडून राहतो, एकावर एक थर रचीत. आजचे माझे बोलणे त्या थरांविषयी आहे.

भोपाळमध्ये राहणाऱ्या माणसाने बर्फाविषयी बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. मनुआभानच्या टेकडीपलीकडे उंची नाही, आणि बर्फ पाहावयाचा तो रसवंतीगृहातील लाकडाच्या भुशात, अशी आमची स्थिती. मी गिर्यारोहकही नव्हे. शाळेत भूगोल शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील मुलेमुली हिवाळ्याच्या सुट्टीत पाठीवर पिशवी बांधून बर्फात चालावयास जाऊ लागली आहेत. पुण्या-मुंबईची जातात, नागपूरची जातात, तशी भोपाळचीही जातात. आमच्या शेजारची एक मुलगी, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी अशीच निरोप घ्यावयास आली. तिच्या आईने हातमोजे किती, लोकरी मोजे किती, याची तीन वेळा चौकशी केली. वडिलांनी रात्रीचे तापमान विचारले. मी, भूगोलाचा मास्तर, शिखराची उंची विचारून मोकळा झालो. परंतु "ज्या उतारावरून जाणार, तो उतार किती अंशांचा आहे?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. ती गेल्यावर मी या विषयावरचे मिळेल ते वाचीत बसलो, आणि आमच्या चौकशीतील ही उणीव किती मोठी होती, ते माझ्या ध्यानी आले.

प्रथम शब्दाचाच विचार करू. डोंगरावरील बर्फ कोसळण्याला मराठी वर्तमानपत्रे 'हिमप्रपात' म्हणतात, तर आम्ही भोपाळला जी हिंदी पत्रे वाचतो, त्यांत 'हिमस्खलन' हा शब्द येतो. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही चालण्यासारखे. पण दोहोंतून डोळ्यांपुढे उभी राहणारी चित्रे निराळी आहेत. प्रपात म्हटला की काहीतरी वरून, आभाळातून कोसळल्यासारखे येते आणि खाली उभ्या असलेल्या बिचाऱ्या माणसाला गाडून टाकते. स्खलन म्हणजे घसरणे, पायाखालची जागा सुटणे. आता अनुभव काय सांगतो? युरोप-अमेरिकेत हौसेने बर्फात जाणाऱ्यांच्या अपघातांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला आहे. त्यातून असे दिसते, की प्राणघातक अपघातांपैकी फार मोठ्या भागात, दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी, तो बर्फ त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने सुटलेला असतो. वरून कोसळलेला नसतो, पायाखालून सरकलेला असतो. पर्वतात हिंडावयास जाणाऱ्याच्या दृष्टीने 'हिमस्खलन' हाच शब्द अधिक खरा आहे. स्खलन या शब्दाला चूक असाही एक अर्थ आहे, तोही येथे विसरता येत नाही.

पायाखालचा बर्फ सरकतो तो का? बर्फ म्हणजे एकजिनसी पांढरा ढीग, ही आपली कल्पना चुकीची आहे. डोंगरावरील बर्फ ही त्या हिवाळ्याची रोजनिशी असते. मार्गशीर्षात पडलेला थर तळाशी, त्यावर पौषातला, त्यावर परवाचा. मध्ये कधी ऊन पडून वरचे पापुद्रे कडक झालेले, कधी वाऱ्याने भुकटी वाहून आणून दाबून बसविलेली. प्रत्येक थराचा कण निराळा, घट्टपणा निराळा. जोवर हे थर एकमेकांना धरून असतात, तोवर उतार स्थिर राहतो. एखादा मधला थर दुबळा निघाला, की वरचे सारे ओझे जणू गोट्यांवर ठेवल्यासारखे होते.

हा दुबळा थर कसा तयार होतो, ते पाहण्यासारखे आहे. गरम भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले म्हणजे खालची वाफ वर जाते आणि थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात. बर्फातही असेच काहीसे चालते. बर्फाच्या पांघरुणाखाली जमिनीचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वर निरभ्र रात्रीची हवा शून्याखाली पंधरा-वीस अंश उतरलेली असते. बर्फाचा थर पातळ असला, की एवढा मोठा फरक हात-दोन हात जाडीतच मावतो. मग तळची वाफ कणाकणांमधून वर चढते आणि वरच्या थंड कणांवर पुन्हा गोठते. अशा रीतीने जे नवे कण बनतात, ते मोठे, कंगोऱ्यांचे आणि एकमेकांना न चिकटणारे असतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून गळून जातात. थंडीच्या आरंभी थोडाच बर्फ पडून पुढे बरेच दिवस आकाश स्वच्छ राहिले, तर तळाशी साखरेचा हा थर हमखास तयार होतो. नंतर आलेला जोराचा हिमवर्षाव त्याच्यावर जाड, घट्ट लादी ठेवून जातो. वरून पाहणाऱ्याला दिसते ती फक्त सुंदर, सपाट, शुभ्र लादी.

हे समजण्यासाठी हिमालयात जावयास नको. घरातील परात घ्या. तीत एक खरखरीत पंचा अंथरा, त्यावर जाड साखरेचा पातळ थर पसरा आणि वर बोटभर पीठ घालून तळहाताने हलके दाबून बसवा. आता परात एका बाजूने हळूहळू उचलीत जा. बराच वेळ काहीही होत नाही. मग एका क्षणी पिठाला वरच्या बाजूस आडवी भेग पडते आणि सबंध वडी एकसंध खाली सरकते. दुसऱ्या वेळी परात त्या क्षणाच्या थोडी आधी थांबवा आणि पिठावर बोट टेकवा. त्या बोटाने तोच परिणाम होतो. ते बोट म्हणजेच पर्वतात चालणारा माणूस.

परात किती उचलावी लागते, यातच उताराचा प्रश्न आला. पंचवीस अंशांहून कमी उतारावर अशी लादी क्वचितच सुटते. पन्नास-पंचावन्न अंशांच्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही, पडता पडताच गळत राहतो. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात, तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान. आपल्या घरातील नेहमीचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो, यावरून कल्पना करा. म्हणजे जो उतार पाहून छाती दडपत नाही, 'हा तर सहज चढून जाऊ' असे ज्याच्याविषयी वाटते, तोच बहुधा घातक निघतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. स्वतः सपाटीवर उभे असल्याने माणूस सुरक्षित होत नाही. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवरही दूरवर धावत येतो.

महाराष्ट्राला उतार सरकण्याचा हा अनुभव नवा नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तेच संकट आले. तेथे माती होती आणि तिच्यात मुरलेले पावसाचे पाणी होते, येथे बर्फ आहे, एवढाच फरक. पृष्ठभाग शांत दिसत असता आतील बंध सुटत जावेत आणि मग एका क्षणी सारे एकदम हलावे, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच.

आता धोका केव्हा वाढतो, ते पाहू. सर्वांत वाईट काळ म्हणजे मोठा हिमवर्षाव चालू असताना आणि तो थांबल्यानंतरचा दिवस-दोन दिवसांचा. एका दिवसात फूटभर नवा बर्फ पडला, तर खालच्या थरांवर अकस्मात ओझे येते, आणि नव्या कणांना एकमेकांत रुजावयास सवड मिळालेली नसते. दुसरे कारण वारा. आभाळातून एक कणही न पडता वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ खरवडून दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर नेऊन साठवितो, आणि तोही घट्ट लादीच्या रूपाने. तिसरे कारण ऊन. वसंतात दुपारचे ऊन वरच्या थराला भिजविते, पाणी खाली झिरपते आणि पकड ढिली होते. म्हणूनच जाणते गिर्यारोहक मध्यरात्री निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी धोक्याची जागा मागे टाकतात. येथे मनुष्यस्वभावाचा एक घात आहे. वादळ चालू असताना कोणी तंबूबाहेर पडत नाही. वादळ थांबते, आकाश निळेभोर होते, सारी शिखरे चमकू लागतात, आणि चार दिवस कोंडलेला माणूस उत्साहाने बाहेर पडतो. डोळ्यांना सर्वांत आल्हाददायक वाटणारा तो दिवस अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो.

याचे एक जुने आणि बोलके उदाहरण एव्हरेस्टच्या इतिहासात आहे. १९२२ साली ब्रिटिश तुकडी तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट चढू पाहत होती. जूनच्या आरंभी नवा बर्फ पडला. हवा निवळताच, ७ जून रोजी, जॉर्ज मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे चौदा भारवाहकांसह उत्तर खिंडीच्या उतारावर निघाले. बर्फ आता बसला असावा, असा त्यांचा अंदाज होता. चढत असतानाच उतार सुटला. खालच्या दोरावरील नऊ भारवाहक बर्फाच्या कड्यावरून फेकले गेले आणि त्यांतील सात मरण पावले. तिघेही साहेब वाचले. मॅलरीला या अपघाताची जबाबदारी आपली वाटली आणि ती बोच त्याच्या मनात राहिली. एव्हरेस्टच्या प्रत्यक्ष चढाईत गेलेले हे पहिले नोंदलेले जीव. शंभर वर्षांपूर्वीची ही कहाणी वाचताना वाटते, की तेव्हापासून साधने बदलली, उतार मात्र तोच राहिला आहे.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. देशभरातील हजारो तरुणांनी तेथे पर्वताची मुळाक्षरे गिरविली आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी तिचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का डांडा या शिखराच्या वरच्या उतारावर होते. बर्फ सुटला आणि कित्येक जण हिमनदीच्या खोल भेगेत लोटले गेले. एकोणतीस जण गेले. त्यांपैकी दोघांचे देह सापडलेच नाहीत. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांत सर केली होती. कोणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. पण अनुभव आणि कौशल्य यांनीही हा धोका पुरता टळत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. मग केवळ उत्साहाच्या बळावर निघालेल्याने किती सावध असावयास हवे!

अर्थात, सगळीच माणसे हौसेने बर्फात जात नाहीत. काहींना कर्तव्य तेथे नेते, काहींना पोटाची खळगी, आणि काही तर जन्मानेच तेथले असतात. त्यांच्या बाबतीत मात्र प्रपात हाच शब्द लागू पडतो. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमधील वालटेंगू नार या गावावर बर्फ कोसळून दीडशेहून अधिक ग्रामस्थ दगावले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवर, सुमारे साडेएकोणीस हजार फूट उंचीच्या सोनम चौकीवर हिमाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातील होता. धारवाड जिल्ह्यातील लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी खोल बर्फाखाली जिवंत सापडले. सारा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होता, परंतु ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या गुरेझ आणि माछिल भागांत जे जवान बर्फाखाली गेले, त्यांतही महाराष्ट्राची मुले होती. ज्या गावांनी जन्मात कधी बर्फ पाहिला नाही, तेथे त्यांचे देह तिरंग्यात गुंडाळून आले. भोपाळजवळच्या बैरागढच्या सैनिकी केंद्रात शिकून तयार झालेले जवान जेव्हा आगगाडीत बसताना दिसतात, तेव्हा त्यांतील कित्येकांच्या वाट्याला पुढे हाच बर्फ येतो, याची आठवण होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे रस्त्यावरील बर्फ हटविण्याचे काम करणारे चौपन्न मजूर त्यांच्या लोखंडी खोल्यांसह सापडले. सेहेचाळीस वाचले, आठ गेले. आणि ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला खिंडीच्या रस्त्यावर सात पर्यटक मरण पावले. ते तर मोटारीने बर्फ पाहावयास आलेले साधे प्रवासी होते.

गाडल्या गेलेल्या माणसाचे काय होते, हे सांगताना जीभ अडखळते, पण ते सांगितलेच पाहिजे. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असते, म्हणून तो कापसासारखा वाटतो. कोसळून थांबलेला बर्फ मात्र दाबला जाऊन सिमेंटसारखा घट्ट बसतो. एका घनमीटरचे वजन चारशे किलोच्या घरात जाते. त्यात माणसाला बोटही हलविता येत नाही. थंडीने मरण यावयास वेळ लागतो. बहुतेकांचा प्राण जातो तो श्वास कोंडून. पाश्चात्त्य देशांतील नोंदींवरून दिसते, की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला, की तिघांपैकी एखादाच. हणमंतप्पांचे सहा दिवस हा अपवादातील अपवाद होता.

हा हिशेब नीट मनात घोळविला, की एक गोष्ट स्पष्ट होते. खालच्या गावाहून येणारी मदत, हेलिकॉप्टर, सैन्य हे सारे त्या दहा मिनिटांत पोहोचणे शक्य नाही. वाचविणारा असतो तो शेजारी चालणारा सोबती. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे आणि घेणारे छोटे यंत्र हवे, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी हवी आणि फावडे हवे. ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत आणि ती वापरण्याचा सराव हवा. एकाजवळच यंत्र असून भागत नाही. तोच गाडला गेला, तर त्याला शोधावे कोणी? संशयास्पद उतार ओलांडताना एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी, हा नियमही याच हिशेबातून आला आहे. दहा जणांनी गप्पा मारीत एका रांगेत उतार ओलांडणे म्हणजे दहा बोटे एकदम परातीवर टेकविणे, आणि वर वाचविणारा एकही शिल्लक न ठेवणे.

या शास्त्राची देशात उपेक्षा झाली आहे, असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या डोंगरावर १९३६ साली बर्फाच्या अभ्यासाला आरंभ झाला. आपल्याकडे १९६९ साली मनालीला संरक्षण खात्याची हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था निघाली. २०२० साली ती एका मोठ्या संस्थेत विलीन झाली. तिचे काम चंडीगडहून चालते आणि हिमालयातील भागांसाठी धोक्याच्या पूर्वसूचना तेथून दिल्या जातात. आपल्या शास्त्रज्ञांनी हिमालयाचे तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालच्या बाजूचा पट्टा उबदार, तेथे बर्फ पुष्कळ आणि ओलसर पडतो. मधला पट्टा मुख्य हिमालयाचा. आणि वरचा काराकोरमचा, जेथे हिमवर्षाव बेताचा, पण थंडी आणि वारा भयंकर, त्यामुळे साखरेचा तो दुबळा थर तेथे फार टिकून राहतो. तरीही एक मर्यादा ओळखली पाहिजे. पूर्वसूचना एखाद्या जिल्ह्याची, फार तर एखाद्या खोऱ्याची असते. आपल्या पुढ्यातील नेमका उतार आज कसा आहे, ते तेथे गेल्यावरच पाहावे लागते. जाणकार तेथे बर्फात खड्डा खणून थर तपासतात, फावड्याच्या पात्यावर आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून थापा मारून कितव्या थापेला थर तुटतो ते पाहतात.

ज्याला हे जमत नाही, त्याच्याशीही बर्फ बोलत असतो. शेजारच्या उताराचा बर्फ नुकताच सुटलेला दिसला, पावलासरशी खाली पोकळी असल्यासारखा 'धप्' आवाज आला, किंवा पायापासून काचेला तडा जावा तशी भेग पळत गेली, तर तो थेट इशारा समजावा आणि तेथूनच माघारी वळावे.

आणि श्रोतेहो, सारे ज्ञान अडते ते नेमके या माघारी वळण्यापाशी. इशारे दिसत नाहीत म्हणून जेवढी माणसे जातात, त्याहून इशारे दिसूनही वळवत नाही म्हणून अधिक जात असावीत, असे मला वाटू लागले आहे. पैसे भरलेले असतात. सुट्टी संपत आलेली असते. पुढे गेलेल्या तुकडीची पावले बर्फात उमटलेली दिसतात आणि 'ते गेले, मग आपल्याला काय होते?' असे वाटते. परंतु नवव्या माणसाच्या पायाखाली न सुटलेला बर्फ दहाव्याच्या पायाखाली सुटू शकतो. तुकडीतील एखाद्याच्या मनात शंका आली, तरी सर्वांचा हिरमोड नको म्हणून तो गप्प राहतो. भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातील मेघा परमार आणि छिंदवाड्याच्या तामियाच्या भावना डेहरिया या दोघी २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या तुकडीने एप्रिल २०२१ मध्ये हिमस्खलनांसाठी कुप्रसिद्ध असलेले अन्नपूर्णा शिखर गाठले. अशा यशाचा अभिमान आपणांस वाटावा, हे योग्यच आहे. पण शिखरावर झेंडा धरलेले छायाचित्र वर्तमानपत्रात येते, आणि उतार पाहून परत फिरलेल्याचे कधीच येत नाही, त्यामुळे तरुण मनाला पराक्रमाची एकच बाजू दिसते.

आमच्या शेजारची ती मुलगी दहा दिवसांनी परत आली, ती खट्टू होऊन. म्हणाली, "काका, शिखर राहिले. अगदी तासाभराची चढण उरली होती." आदल्या दिवशी बर्फ पडला होता. पहाटे निघाल्यावर त्यांच्याबरोबरच्या स्थानिक वाटाड्याने शेवटच्या उताराच्या पायथ्याशी काठी खुपसून पाहिली, चार पावले टाकून पाहिली आणि 'आज नाही' एवढेच म्हणून तो मागे वळला. मुलांनी हुज्जत घातली, काही रागावली, पण तो बधला नाही. त्या दिवशी त्या उतारावर काहीही घडले नाही. मुलीचे म्हणणे असे, की मग आपण उगीचच परतलो. मी तिला परातीचा प्रयोग करून दाखविला. पीठ सरकले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "काका, आम्ही चढलो असतो तर ते सुटले असते का?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, त्या वाटाड्यापाशीही नसणार. त्याने एवढेच ठरविले होते, की हा प्रश्न वीस मुलांचे जीव लावून सोडवावयाचा नाही.

म्हणून ज्या घरातील मूल या हिवाळ्यात बर्फाकडे निघाले असेल, त्या आईवडिलांना माझी विनंती आहे. हातमोज्यांची आणि लोकरी मोज्यांची चौकशी अवश्य करा, पण तिच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. वाटेत तीस अंशांहून अधिक उतार कोठे आहे, आणि तो टाळता येतो का? निघण्यापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत तेथे किती बर्फ पडला आणि वारा किती होता, हे कोण पाहणार आहे? आणि 'आज नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, व तो म्हणाला तर सर्व जण ऐकणार आहेत ना? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर मुलाला आनंदाने निरोप द्या. न मिळाली, तर पर्वत पुढच्या वर्षीही तेथेच असतो, एवढे त्याला सांगा.

यापुढे भोपाळात मावठ्याची सर आली, की गव्हाचा आनंद मानताना मला त्या उतारांवर चढत असलेल्या नव्या थराचीही आठवण होईल. आपणांपैकी ज्यांची मुले त्या वेळी तिकडे असतील, त्यांनी त्या दिवशी त्यांना दूरध्वनी करून एवढेच सांगावे, "दोन दिवस थांबा."